घराण्याच्या पुस्तकात जुने फोटो टाकायचेत?

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आधी बाजूला काढा, ते दाबून बारीक झालेले असतात, छापल्यावर फुटतात. मूळ फोटोवरची धूळ मऊ ब्रशनं झटका, ओलं फडकं बिलकूल नको. काळापांढरा असला तरी कलरमध्येच स्कॅन करा, पिवळे डाग काढायला सोपं जातं, ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) ठेवा अन् टिफमध्ये (फोटोचा दर्जा न घटवणारी फाईल) सेव्ह करा. छापताना ३०० डीपीआय उरलं पाहिजे, म्हणजे २ इंचाचा फोटो ४ इंच होतो, त्याच्यापुढं ताणू नका. काचेला चिकटलेला असला तर ओढायचा नाही, काचेसकट स्कॅन करा. आजीच्या सुरकुत्या एआयनं पुसू नका, भलतीच बाई दिसते. आणि मागची बाजू पण घ्या बरं का, १९४८ च्या आधी आपल्या मराठवाड्यात निजामाचं राज्य, स्टुडिओचा शिक्का उर्दूत असू शकतो, गल्लीतल्या एखाद्या चाचांकडून वाचून घ्या.