घरच्या माणसाला पोलिसांनी नेलं तर काय करायचं? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी लोकांसाठी

आपल्याकडं पोलीस दारात आले की निम्मा वेळ रडण्यात नि निम्मा ओळखीचा पुढारी शोधण्यात जातो, आणि तोवर स्टेशनात कानडी कागदांवर सह्या होऊन गेलेल्या असतात. पहिले चोवीस तास सांभाळले तर पुढचं बरंच सोपं जातं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसी (अटक, तपास, जामीन यांचा जुना कायदा) जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, कलमांचे नंबर बदललेत पण हक्क बहुतेक तेच आहेत.

आधी सरळ विचारा, "साहेब, अटक करताय का नुसतं चौकशीला नेताय?" सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर कलम ३५ खाली हजर राहायची नोटीस देतात. नोटीस आली तर तारीख अजिबात चुकवू नका, वकील घेऊन जा, कारण नोटीस पाळणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारण लिहावं लागतं, न पाळणाऱ्याला मात्र सरळ अटक होऊ शकते.

अटकच असेल तर अरेस्ट मेमो, म्हणजे अटकेचा कागद, बघा. त्यावर घरच्या एखाद्याची नाहीतर गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि ज्याला धरलंय त्याचीही. सही करायच्या आधी वेळ वाचा! सकाळी सहाला नेलं आणि मेमोवर दुपारचे चार असतील तर तुमचे दहा तास तिथंच गेले. म्हणून नेताना लगेच वकिलाला किंवा पाव्हण्याला व्हॉट्सॲप टाका, कोण आले, कुठल्या स्टेशनचे, किती वाजता, तो मेसेज नंतर कोर्टात कामाला येतो. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे.

आता भाषेचं, आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिहिर राजेश शाह खटल्यात सांगितलंय की अटकेची कारणं लेखी द्यायची आणि धरलेल्या माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, लगेच जमत नसेल तर आधी तोंडी सांगायची, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात उभं करायच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. म्हणजे ज्याला कानडी वाचता येत नाही त्यानं मराठीत मागायचंच, त्यात उद्धटपणा काही नाही. तरी कानडी कागदावर सही करायची वेळ आलीच तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहा, "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर मराठीत समजावून सांगितलेला नाही." चौकशीत पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही करायची गरजच नसते, आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरत नाहीत. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती घटनेच्या कलम २०(३) नं करता येत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १५१०० ला फोन लावा किंवा बेळगावच्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर नेलंच पाहिजे. स्टेशनात मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटला तोंडानं सांगा, अंगावरचे वळ दाखवा, मेडिकल मागा. स्टेशनात "बाहेर काही बोलू नको" म्हणून दम दिलेला असतो, पण मॅजिस्ट्रेटची खोली पोलिसांची नसते, कोर्टाची असते. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या किंवा एकीकरण समितीच्या महामेळाव्याच्या आसपास खबरदारी म्हणून नव्या संहितेच्या कलम १७० खाली उचलतात, तिथंही दुसऱ्या कुठल्या कायद्याखाली हुकूम नसेल तर चोवीस तासांच्या वर ठेवता येत नाही.

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हक्कानं मिळतो, अटकेपासून आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही तर त्या माणसाला गरीब समजून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडायचं असं कायद्यातच आहे. जामीनदाराचा आधार आणि शेताचा उतारा तयार ठेवा. सख्खा भाऊ चंदगडचा आहे, महाराष्ट्रातला आहे, म्हणून नको असं कोणी म्हणालं तर वकिलाला १९७८ चा मोतीराम निकाल दाखवायला सांगा, परजिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारणं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच चुकीचं ठरवलंय. खालच्या कोर्टात जामीन नाही झाला तर सेशन्स कोर्ट आणि मग हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ.

आणि आत असलेल्या माणसाचे दिवस कॅलेंडरवर मोजत राहा. गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत चार्जशीट (पोलिसांचं आरोपपत्र) आलं नाही तर जामीन मिळायलाच पाहिजे, पण अर्ज केला तरच, आणि चार्जशीट यायच्या आधी केला तरच.