पोरांना गोगलगाय दाखवायचीय? मग आधी हे वाचा

पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की ठाण्यात सोसायटीच्या कंपाउंड वॉलवर, कुंड्यांच्या बुडाशी, पार्किंगच्या ओल्या कोपऱ्यात गोगलगायी निघतात, आणि मग कुठलं तरी पोर मूठ बंद करून वर येतं, आई पाळूया ना. त्यावर घरातून एक तर "ईईई फेक ती" नाहीतर "ठेव त्या डब्यात" असं काहीतरी उत्तर येतं. माझं मत विचाराल तर पाळायची नाही, चार दिवस पाहुणी म्हणून ठेवायची आणि परत सोडायची. लहान पोरांसाठी चार दिवस भरपूर होतात, आणि पाहुणी म्हटलं की तिला दाबायचं नाही, सारखं उठवायचं नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण कुठली गोगलगाय, हे आधी. आपल्याकडे जी मोठी दिसते, लांबट, एका टोकाला निमुळता शंख, त्यावर तपकिरी-पिवळट पट्टे, ती आफ्रिकन. मूळची पूर्व आफ्रिकेची, 1847 मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडली आणि मग देशभर पसरली. 2022 मध्ये लातूर, बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाऊन टाकली ते आठवत असेल. ही पोरांच्या हातात अजिबात नको, कारण तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीच्या अळ्या असू शकतात. उंदराच्या लेंडीतून त्या गोगलगायीत जातात, आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. असं सहसा कच्ची गोगलगाय खाल्ल्याने किंवा नीट न धुतलेल्या पालेभाजीतून होतं, नुसतं बघून काही होत नाही, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण दोन वर्षांचं पोर प्रत्येक गोष्ट तोंडात घालतं हे आपल्याला माहितीच आहे.

आणि ऑनलाइन ते व्हिडिओ असतात ना, इंग्लंडमधली मुलं हाताएवढी गोगलगाय दंडावर फिरवतायत, ते बघून आपल्याकडे तसं करायचं नाही. तिथे ती माणसांच्या घरातच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली असते, आपली नाल्याकडेला, उंदरांच्या बिळाशेजारी वाढलेली असते. अमेरिकेत तर परवानगीशिवाय ती ठेवताच येत नाही, आणि तिथला एका लहान मुलाचाच किस्सा आहे. 1966 मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीला येताना तीन गोगलगायी सोबत आणल्या, आजीने त्या बागेत सोडून दिल्या, आणि काही वर्षांत तिथे अठरा हजारांवर गोगलगायी सापडल्या! सगळ्या संपवायला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलरच्या वर खर्च आला. म्हणून ही मोठी दिसली तर लांबूनच बघायची, आणि गावाला जाताना गंमत म्हणून बरोबर तर मुळीच न्यायची नाही.

पाहुणी म्हणून बोलवायची ती छोटी, नखाएवढी, चपटा-गोल आणि पातळ चकचकीत शंखाची. लांबट टोकदार काहीही असलं तर ते आफ्रिकनचं पिल्लूही असू शकतं, सोडून द्या. आणायची ती स्वतःच्या गॅलरीतल्या कुंडीतून किंवा सोसायटीच्या बागेतून, पण माळीकाकांना आधी विचारा की गोगलगायींच्या औषधाच्या गोळ्या टाकल्यात का, टाकल्या असतील तर पोरांना त्या कोपऱ्यात सोडूच नका, त्या गोळ्या विषारी असतात. कचऱ्याच्या डब्यापाशी, नाल्यापाशी मिळालेली नको. आणि येऊरला फिरायला गेलात तर तिथून काहीही उचलायचं नाही, तो नॅशनल पार्कचा भाग आहे. लहान आणि देशी असली तरी ही कृमी तिच्यातही असू शकते, म्हणून मोठ्यांनी ग्लोव्ह्ज किंवा प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळूनच उचला.

घर म्हणजे बरणी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला बारीक भोकं, पण झाकण घट्टच हवं कारण ही बाई रात्री चालायला लागली की सकाळी फ्रीजच्या मागे सापडेल. तळाला दोन इंच ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर चार सुकी पानं आणि एखादं झाडाच्या सालीचं तुकडं. पाणी भरून ठेवायचं नाही, दिवसातून एकदा स्प्रे मारायचा, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं असलं तर उत्तम. खायला काकडीची चकती, दुधी, गाजर, कोबीचं पान, सगळं धुतलेलं. अंड्याचं टरफल उकळून, वाळवून, बारीक कुटून चिमूटभर टाका, शंखाला कॅल्शियम लागतं. मीठ लागलेलं काहीही नको, चिवडा नको, वेफर नको (आमच्याकडे एका शेजारच्या पाहुण्याने फरसाण टाकायचा प्रयत्न केला होता, प्रेमानेच). उन्हात ठेवायचं नाही, एसीच्या वाऱ्याखाली पण नाही.

आता मुख्य गोष्ट, पोरं. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. संध्याकाळी दिवे जरा कमी करा, बरणीवर स्प्रे मारा आणि शांत बसा, दहा-पंधरा मिनिटांत ती बाहेर येते. मग दाखवण्यासारखं खूप आहे. वरची दोन लांब शिंगं, त्यांच्या टोकाला डोळे. खालची दोन छोटी, त्यांनी ती वास-चव घेत जाते. काचेवर चढली की खालून तिच्या पायाच्या लाटा दिसतात, पोरं इथे "गोगलगाय पोटात पाय" म्हणून ओरडतातच, ओरडू द्या. काकडीला लागली की जवळून बघा, तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, त्याने ती खरवडून खाते. शंख कुठल्या बाजूला वळलाय तेही बघायला सांगा, टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की बहुतेकींचं तोंड उजवीकडे असतं, पण आपल्या सह्याद्रीत डावीकडे वळणाऱ्या पण आहेत, ती सापडली तर पोरं दिवसभर सगळ्यांना सांगत फिरतील.

प्रश्न येणारच. घर बदलते का? नाही, शंख तिच्या अंगाचाच भाग, जन्मापासून सोबत वाढतो, म्हणून ओढून बाहेर काढता येत नाही. मुलगा की मुलगी? दोन्ही, आणि हे उत्तर मुलं मोठ्यांपेक्षा सहज घेतात.

हात लावायचा असेल तर माझा नियम असा, पाच वर्षांखालच्यांनी काचेबाहेरूनच. त्याहून मोठ्यांनी जमिनीवर मांडी घालून बसायचं, म्हणजे पडली तरी चार बोटं उंचीवरूनच पडेल, उंचावरून पडली तर शंख फुटतो. तिला ओल्या पानावर घ्यायचं आणि पान तळहातावर ठेवायचं, चिकट अंगाला हात नाही. फार तर एका बोटाने शंखाला हळूच. कुठे चिकटली असेल तर वर ओढू नका, पाण्याचे थेंब टाकून खालून पान सरकवा. हाताला जखम असेल तर आज सुट्टी. नंतर साबणाने वीस सेकंद, नखांसकट, आणि नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नका. एखादं पोर घाबरलं तर "काही करत नाही गं, घे हातात" असं अजिबात नाही, ते आपोआप दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काचेला नाक लावतं.

सोसायटीत मीठ टाकून मजा बघणारी एक गँग असते. त्यांना ओरडण्याऐवजी बरणीजवळ बोलवा आणि सांगा की मिठाने तिच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती तडफडते. बहुतेक मुलांना हे खरंच माहीत नसतं.

चुकून कुणी तोंडात घातलीच तर तोंड धुवा आणि लगेच बालरोगतज्ज्ञांना फोन करून गोगलगाय असं स्पष्ट सांगा, पुढच्या काही आठवड्यांत जोरात डोकं दुखणं, मान आखडणं, उलट्या झाल्या तर तेही सांगून दाखवायला न्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, जमीन ओली असताना, जिथून आणली तिथेच सोडा. त्याआधी कोकोपीट उकरून बघा, एकटी असली तरी पांढरे मोत्याएवढे अंड्यांचे दाणे सापडू शकतात, ते पण त्याच जागी मातीत ठेवा. डबा बाथरूममध्ये ग्लोव्ह्ज घालून गरम पाण्याने धुवा, किचनच्या सिंकमध्ये नाही, आणि तो डबा परत डाळ-तांदळाला वापरायचा नाही, वरती मार्करने लिहूनच ठेवा.