पाणी तापू लागण्यापूर्वी : शेततळ्यातील सूक्ष्म शेवाळाविषयी सल्ला

थंडी ओसरू लागली की शेततळ्याच्या पाण्याचा रंग पालटतो. थंड आणि वाऱ्याने ढवळत राहणाऱ्या पाण्यात तपकिरी-सोनेरी छटेचे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ जोमात असते. पाण्याचे तापमान 25 अंश सेल्सिअसच्या पुढे सरकले की हिरवे शेवाळ आणि त्यामागोमाग निळे-हिरवे शेवाळ त्याची जागा घेऊ लागते. हा क्रम हवामान ठरवते. मात्र एकाच शिवारातील, सारखेच ऊन लागणाऱ्या दोन तळ्यांपैकी एकाचे पाणी नितळ राहते आणि दुसऱ्यावर हिरवट थर चढतो, तेव्हा तो फरक हवामानाचा नसून तळ्यात काय वाहून येते, तळाशी किती गाळ साचला आहे आणि पाणी किती खोल व किती स्थिर आहे याचा असतो. शेतकऱ्याला हात घालता येतो तो इथेच.

सूक्ष्म शेवाळ वाऱ्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांना चिकटून आणि वाहत्या पाण्यातून सहज पसरते. असे जीव जवळपास सर्वत्र पोहोचतात आणि त्यांतले कोणते टिकायचे ते स्थानिक परिस्थिती ठरवते, असा विचार डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांनी 1934 मध्ये मांडला. डायटमच्या काही जाती ठरावीक प्रदेशांपुरत्याच आढळतात, हे पुढे दिसून आल्याने तो विचार जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. तरीही तळ्यांत नेहमी दिसणाऱ्या शेवाळाला तो बऱ्याच अंशी लागू पडतो. म्हणून शेवाळ कोठून आले याचा शोध घेण्यापेक्षा त्याला पोसते कोण, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

बहुतेक गोड्या पाण्यात त्याला पोसतो तो स्फुरद (फॉस्फरस). शेवाळाच्या कोरड्या वजनात स्फुरदाचा वाटा साधारण 1 टक्का असतो, म्हणजे तळ्यात गेलेल्या 1 ग्रॅम स्फुरदावर सुमारे 100 ग्रॅम कोरडे शेवाळ वाढू शकते. केवळ नत्र (नायट्रोजन) रोखून भागत नाही, कारण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतील नत्र स्वतः स्थिर करतात आणि नत्र कमी पडले की त्यांचेच फावते. भातखाचरात हाच गुण पिकाच्या उपयोगी पडतो, साठवणीच्या तळ्यात मात्र तो अडचणीचा ठरतो. त्यामुळे शेणखताचे ढीग आणि खतांची पोती तळ्याच्या चढाच्या बाजूला ठेवू नयेत, काठाभोवती दाट गवताचा पट्टा राखावा आणि जनावरांना थेट तळ्यात न उतरवता पाणी बाहेर काढून हौदात पाजावे. तळाचा गाळ हेही स्फुरदाचे कोठारच असते. उन्हाळ्यात खोल तळ्यातील वरचे गरम आणि खालचे थंड पाणी एकमेकांत मिसळत नाही, तळाशी ऑक्सिजन संपतो आणि गाळात धरून ठेवलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या अनेक जाती प्रतिकूल काळ गाळातच काढतात. तळे कोरडे पडले असता गाळ काढून घेणे हा माझ्या मते सर्वांत टिकाऊ उपाय आहे. अस्तर असलेल्या तळ्यात मात्र अवजाराने अस्तराचा प्लास्टिक कागद फाटणार नाही याची काळजी घ्यावी.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर दिसला आणि तो वाऱ्याने एका काठाला जमत असेल, तर सावध व्हावे. काठी घातल्यावर लांब हिरवे धागे वर आले तर ते बहुधा तंतुमय हिरवे शेवाळ असते आणि ते सहसा विषारी नसते. धागे न येता काठीला रंगासारखा लेप लागला, तर पारदर्शक बरणीत पाणी भरून ती काही तास न हलवता ठेवावी. विषारी असू शकणारे निळे-हिरवे शेवाळ बहुधा वर तरंगते. ही प्राथमिक ओळख आहे, विष आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळते. तोपर्यंत ते पाणी जनावरांना अजिबात पाजू नये आणि माणसांनीही वापरू नये. अशा पाण्याने गुरे-मेंढ्या दगावल्याची शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातून 1878 मध्येच झाली आहे. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

ठिबक संचासाठी पंपाचे शोषण तोंड पृष्ठभागाच्या काही फूट खाली, पण गाळापासून वर राहील असे तरंगत्या पिंपाला टांगावे. शेवाळाच्या पाण्याला केवळ जाळीचा फिल्टर पुरत नाही. आधी सँड फिल्टर असावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढताच बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटे सोडून तो धुवावा. लहान तळ्यावर शेडनेट टाकल्यास प्रकाश कमी होऊन शेवाळ मंदावते आणि बाष्पीभवनही घटते.

मत्स्यतळ्यात थोडे शेवाळ हवेच, कारण दिवसा ऑक्सिजन तेच देते. अति झाले की रात्री तेच ऑक्सिजन वापरते. त्यात पाणी 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन धरते, तर 30 अंशांना साडेसातच. 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी चकती पाण्यात सोडावी. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर प्रमाण ठीक समजावे, 20 च्या आतच दिसेनाशी झाली तर खाद्य व खत थांबवून पहाटे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा.

शेवाळ दाट वाढलेल्या तळ्यात ते मारण्यासाठी मोरचूद (तांबेयुक्त कॉपर सल्फेट) टाकण्याची घाई करू नये. एकदम मेलेले शेवाळ कुजताना ऑक्सिजन संपवते, पेशी फुटून विष पाण्यात मिसळते आणि मऊ पाण्यात तांबे माशांनाही घातक ठरते. उन्हाळा संपल्यावर पहिल्या जोरदार पावसाचे पाणी शेतांतील खत-माती घेऊन येते, म्हणून ते शक्य तितके बाजूला वळवावे आणि त्यानंतरचे निवळ पाणी तळ्यात घ्यावे.