कोकणातल्या ताटासाठी एआयकडून डाएट चार्ट करून घेताना

मी गुहागर तालुक्यात आहारतज्ज्ञ आहे. 'मधुमेहासाठी डाएट चार्ट दे' एवढंच एआयला सांगितलं तर ओट्स, ब्रोकोली, पनीर पुढ्यात येतं. असा चार्ट आमच्याकडच्या घरात चार दिवसही चालत नाही.

म्हणून आधी पेशंटशी बोला. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते सगळं लिहून घ्या: पेज, घावणे, कालवणातला नारळ, चहातली साखर. जेवणातली वाटी घरून आणायला सांगा आणि तिच्यात किती पाणी मावतं ते मोजा. घरोघरच्या वाट्यांत केवढा तरी फरक असतो.

मग एआयला असं लिहा: 'स्त्री, वय ५२, वजन ६८ किलो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.१, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) चालू. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दोन्ही वेळा भात-कालवण, सोमवारी व गुरुवारी शाकाहार. वाटी १५० मिलिलिटरची. याच जेवणात बदल सुचव. तांदूळ कच्च्या वजनात लिही. माहिती कमी पडली तर आधी विचार.' नाव, गाव, फोन नंबर आणि रिपोर्टचा फोटो मात्र कधीच टाकू नका. पेशंटने ते विश्वासाने आपल्या हाती दिलेलं असतं.

आलेला मसुदा तसाच देऊ नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते शेजारी ठेवून आकडे ताडून बघा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी असतात. शिजल्यावर त्याच तांदळाचा अडीच-तीनपट भात होतो. कच्च्याचा आकडा भाताला लागला, तर सगळा हिशेबच कोसळतो. नाचणीत १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, तेव्हा नाचणीची भाकरी मसुद्यातून गळली असेल तर परत घाला.

पुढे दिनदर्शिका बघा. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, ताजा बांगडा रोज कुठून मिळणार? घरात सुकट, सुके बांगडे निघतात आणि त्यांत मीठ भरपूर. रक्तदाब असेल तर त्याऐवजी कुळीथ, वाल, अंडी लिहा. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची संकष्टी-एकादशी विचारून ठेवा. उपाशीपोटी साखर धोकादायक उतरू शकते, त्या दिवसाचा डोस डॉक्टरच ठरवतील.

मूत्रपिंडाच्या पेशंटचा चार्ट मी एआयकडे देतच नाही. शहाळ्यातलं पोटॅशियम, दिवसाचं पाणी, प्रथिनं हे सगळं ताज्या रिपोर्टवर आणि नेफ्रॉलॉजिस्टच्या सांगण्यावर ठरतं.

शेवटी चार्ट स्वयंपाक करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा. बहुतेकदा ती सून असते, आणि कुठला पदार्थ होणार नाही ते तीच सांगते. तेवढं खोडून नवा लिहा. दोन आठवड्यांनी साखरेची वही मागवा आणि पुढचे बदल त्या नोंदी बघूनच करा.