बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर या चुका टाळा: पाणी, प्रथिनं, गोळ्या आणि वजनाचा काटा

बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर केलेली शस्त्रक्रिया झालेल्या घरात काळजी बहुधा चुकीच्या वेळी केली जाते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत वजन आपसूक उतरत असतं, पण तेव्हाच रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा बघितला जातो आणि पाणी, प्रथिनं, गोळ्या मागे पडतात. वर्ष-दीड वर्षानंतर काट्याकडे बघायची खरी गरज असते, तेव्हा तो पलंगाखाली गेलेला असतो. पुढच्या बऱ्याच चुका या उलटापालटीतूनच होतात.

आधी पोटात काय बदललंय ते. स्लीव्ह, बायपास आणि मिनी बायपास हे या शस्त्रक्रियेचे नेहमीचे प्रकार. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती साधारण १०० ते १५० मिली मावेल अशी अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला ३० मिलीच्या आसपासची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मिनी बायपासमध्ये ही पिशवी लांबट असते आणि आतड्याचा बराच भाग वाटेतून वगळला जातो. त्यामुळे बायपासवाल्यांना जीवनसत्त्वांची कमतरता लवकर जाणवते, तर स्लीव्हवाल्यांना आम्लपित्ताचा त्रास जास्त होतो. ओळखीतल्या कुणाचा आहारतक्ता फोटो काढून वापरणं ही पहिली चूक. तुमच्या सर्जनने दिलेला तक्ता आणि इथली माहिती यांत फरक असेल तर तक्ता खरा.

पहिले सहा आठवडे

आहाराचा क्रम साधारण असा असतो: एक-दोन दिवस पारदर्शक द्रव, मग दोन आठवड्यांपर्यंत गाळलेले द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत अन्न, पाचव्या-सहाव्यात मऊ अन्न आणि त्यानंतर हळूहळू घरातलं नेहमीचं. दहाव्या दिवशी 'काही त्रास होत नाही' म्हणून मऊ भात सुरू करणारे बरेच असतात. त्रास होत नाही याचा अर्थ आतली शिवण भरून आली असा नाही. बाहेरची भोकं आठवड्यात सुकतात, आतल्या स्टेपलच्या ओळीला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

दुसरी गल्लत 'द्रव' म्हणजे काय याची. घरचे प्रेमाने तांदळाची पेज, नारळपाणी आणि मोसंबीचा रस देत राहतात. पेजेत जवळजवळ नुसता स्टार्च, रसात साखर, आणि प्रथिनं दोन्हींत नावालाच. या टप्प्यावर पातळ ताक, साय काढलेलं दूध, गाळलेलं वरण, चिकनचं गाळलेलं सूप आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर यांवर भर हवा. बायपासनंतर काहींना दूध पचेनासं होतं. पोट गुबारलं, जुलाब झाले तर दुधाऐवजी ताक घ्या आणि पावडर पाण्यात मिसळा.

पाण्याचं गणित सोपं आहे. ३० मिलीचं मापटं दर दहा मिनिटांनी संपवलं तर तासाला १८० मिली होतात, म्हणजे दीड लिटर व्हायला आठ तासांहून जास्त लागतात. तहान लागल्यावर ग्लास उचलून हे जमणार नाही. त्यामुळे उठल्यापासून सुरुवात करावी लागते. स्ट्रॉ नको, त्यातून हवा जाते. सोडा आणि फसफसणारी पेयंही नकोत. लघवी गडद पिवळी, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आणि दिवसभर मळमळ हे त्रिकूट दिसलं तर शरीरात पाणी कमी पडतंय. मळमळ पाण्याच्या कमतरतेनेच होत असते, पण पाणी पिऊन आणखी मळमळेल या भीतीने माणूस पाणी कमी करतो आणि सलाईन लावायची वेळ येते.

चालणं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतं, ते थांबवू नका. पण चार ते सहा आठवडे पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही: भरलेली बादली, गॅस सिलिंडर, कडेवरचं नातवंड, काहीच नाही. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेलं तीन चेंडूंचं, फुंकणी वाटणारं यंत्र खरं तर श्वास आत ओढायचं आहे. पुष्कळ जण त्यात फुंकर मारत बसतात.

घास अडकतो, फेस येतो

मऊ अन्न सुरू झालं की हा प्रकार जवळजवळ प्रत्येकाला एकदा तरी होतो. छातीच्या मधोमध दाब येतो, तोंडात पाणी सुटतं आणि पांढरा फेस उलटून पडतो. अशा वेळी घास खाली ढकलायला वरून पाणी पिणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. वाट बंद असताना पाणी वरच साचतं आणि दाब वाढतो. खाणं थांबवा, उठून चाला, वाट बघा. घास सुटल्यावर तो दिवस द्रवावर काढा.

अडकणारे पदार्थ ठरलेले असतात. ताजी, लुसलुशीत पोळी चावल्यावर पुन्हा कणकेचा गोळा होते. पाव आणि चिकट भात यांचंही तसंच. कोरडं चिकन, शेवग्याच्या शेंगेचे धागे, संत्र्याच्या फोडीची साल, मक्याचे दाणे हे सुरुवातीचे काही महिने लांबच ठेवा. पोळी खायचीच असेल तर पातळ फुलका कडक होईपर्यंत भाजून घ्या, किंवा भाकरीचा नुसता पापुद्रा. घास हरभऱ्याएवढा, प्रत्येक घासाला वीसेक वेळा चावणं आणि जेवणाला वीस ते तीस मिनिटं. त्याहून जास्त रेंगाळलात तर पहिलं अन्न पुढे सरकतं आणि खाणं वाढत जातं.

पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वीसारखं तुडुंब वाटायची वाट बघाल तर उशीर झालेला असेल. एखादी उचकी, अचानक नाक वाहायला लागणं, शिंक, खोल उसासा: यांपैकी काहीतरी एक तुमची खूण असते. ती ओळखा आणि तिथे हात थांबवा. ताटात एक घास उरला तरी उरू द्या. अन्न वाया घालवू नये ही शिकवण चांगली, पण त्यासाठी ताटात आधीच कमी वाढा.

जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही, हे बहुतेकांना पाठ असतं. ते कुठे मोडतं ते मात्र लक्षात येत नाही. आमटीत भाकरी कुस्करून केलेला काला, ताकात कालवलेला भात, रस्सा ओरपत खाल्लेली उसळ हे सगळं जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखंच आहे. अन्न पातळ होऊन सरसर खाली जातं, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. रस्सा बाजूला, फोडी आणि दाणे ताटात.

उलट्या दोन-चार दिवस सुरूच राहिल्या तर हा 'अडकण्याचा' मामला राहत नाही. द्रवसुद्धा खाली उतरत नसेल तर जोडाची जागा आकसलेली असू शकते आणि ती एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, रुंद करता येते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सतत उलट्या होणाऱ्या माणसाला एकाचे दोन दिसू लागले, चालताना तोल जायला लागला किंवा तो गोंधळल्यासारखा बोलायला लागला तर मेंदूला इजा होत असू शकते. गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणासाठी' नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर हे आणखी बिघडतं, कारण ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया झाल्याचं सांगा आणि आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं का, हे आपण होऊन विचारा.

'रोज वरण घेतो की!'

दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर पातळ वरणात जेमतेम पाच ग्रॅम असतात. म्हणजे वरणावर भागवायचं तर बारा वाट्या लागतील, आणि पोटात एका वेळी एक वाटीही मावत नाही. शाकाहारी घरात प्रथिनं कमी पडतात ती नेमकी या हिशेबात.

तीनेक महिन्यांनंतरचा एक दिवस असा बसवता येतो: प्रोटीन पावडरचा एक स्कूप (साधारण २४ ग्रॅम प्रथिनं), दोन अंडी (१२), पनीर ५० ग्रॅम (९), सोया चंक्स कोरडे २५ ग्रॅम (१३), दूध २०० मिली (६). प्रथिनांची बेरीज ६४ ग्रॅम. अंडी चालत नसतील तर पनीर दुप्पट करा आणि थोडं घट्ट दही घ्या. मासे-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं आहे. १०० ग्रॅम माशात २० ग्रॅमच्या आसपास मिळतात, आणि सुरुवातीला चिकनपेक्षा मासा उतरतोही सहज. ताटात प्रथिनं आधी, भाजी नंतर, पोळी-भात जागा उरली तर.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मुठीने गळतात. शस्त्रक्रियेच्या आणि झपाट्याने उतरलेल्या वजनाच्या धक्क्याने ते होतं आणि बहुतेकांत काही महिन्यांत थांबतं. महागडी तेलं आणि बायोटिनच्या गोळ्या घेण्याआधी प्रथिनांची बेरीज करा आणि रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासा.

गोळ्या: कोणती, कशाबरोबर

मेडिकलमध्ये 'कॅल्शियमची गोळी द्या' म्हटलं की बहुधा कॅल्शियम कार्बोनेट हातात पडतं. ते शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तेच आता कमी झालंय. पाकिटावर 'सायट्रेट' हा शब्द बघून घ्या. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. म्हणजे दोन-तीन वेळा. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह नीट शोषलं जात नाही. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतला तरी तेच. पाळी सुरू असलेल्या बायकांना लोह ४५ ते ६० मिलिग्रॅम लागतं. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडाने किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहाऱ्यांनी यात हयगय करूच नये. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची आठवड्याची मात्रा मात्र स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने चालू ठेवू नका, ती रक्ततपासणीवर ठरते.

गोळ्या 'अशक्तपणा गेला' म्हणून सोडायच्या नसतात. त्या कायमच्या आहेत. रक्त तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी तपासायचं.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, विशेषतः बायपासनंतर. जोडाच्या जागी अल्सर होतो, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण पाकीट वाचा, कारण पॅरासिटामॉलबरोबर यांपैकी काही मिसळलेल्या गोळ्या सर्रास मिळतात. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनीही हाच अल्सर होतो, आणि मिश्री 'व्यसनात' धरली जात नसल्याने डॉक्टरांना सांगितलीच जात नाही. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या मात्रा तशाच चालू ठेवल्या तर साखर किंवा दाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. पहिल्या आठवड्यापासून घरी दोन्ही मोजून डॉक्टरांना कळवा.

वजन थांबलं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा बरेचदा अडतो. सुरुवातीला उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो, आता शरीर त्याची भरपाई करतं. काही करू नका, आठवड्यातून एकदाच वजन करा आणि कंबर मोजा. घाबरून उपास धरणं सगळ्यात वाईट. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च आणि तूप, दाण्याच्या कुटाने प्रथिनांची भरपाई होत नाही. निर्जळी तर पहिलं वर्ष नकोच. संकष्टी पाळायचीच असेल तर दूध, ताक, पनीर यांवर पाळा आणि पाणी चालू ठेवा.

अपेक्षाही मोजून ठेवा. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो असेल तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २५ च्या हिशेबाने जादा वजन ४६ किलो. त्यातलं ६० ते ७० टक्के, म्हणजे २८ ते ३२ किलो, दीड-दोन वर्षांत उतरलं तर शस्त्रक्रिया उत्तम लागू पडली. ८० किलोवर थांबलेली व्यक्ती 'नापास' नसते.

वर्षानंतर वजन परत चढतं ते कशाने

वजन परत चढायला लागलं की 'पिशवी सैल झाली' असं निदान घरीच होतं. बहुतेक वेळा पिशवी ठीक असते, अन्न बदललेलं असतं. चहात बुडवलेली खारी, चिवडा, फरसाण, आइसक्रीम, श्रीखंड: हे सगळं तोंडातच विरघळतं, कुठे अडकत नाही, पोट भरल्याची खूण देत नाही. पनीरचे चार तुकडे जड जातात आणि वाटीभर चिवडा सहज संपतो, म्हणून माणूस नकळत चिवड्याकडे वळतो. आठवडाभर तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा, दिवसातले चहाचे कप आणि त्यातली साखरसुद्धा. उत्तर बहुधा तिथेच सापडतं. नाही सापडलं तर मग एंडोस्कोपी आणि पुढची चर्चा. चालण्याबरोबर वजनं उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा हवाच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

गोड खाल्ल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम, जुलाब झाले तर ते डंपिंग, म्हणजे खाल्लेलं फार झपाट्याने आतड्यात उतरणं. एक ते तीन तासांनी हात थरथरले, घाम फुटला तर साखर उतरलेली असते. तेव्हा थोडी साखर घ्यावी लागते, पण पुढच्या जेवणात गोड कमी करून प्रथिनं वाढवणं हा उपाय. बायपासनंतर दारू फार लवकर आणि जास्त चढते. जुना अंदाज धरून गाडी चालवायला बसू नका.

पीसीओडीमुळे वर्षानुवर्षं दिवस न राहिलेल्या बायकांना वजन उतरू लागताच गर्भ राहू शकतो. १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरा उपाय शस्त्रक्रियेआधीच ठरवा.

लगेच दवाखाना कधी

पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, धाप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात दुखणं: शिवणीतून गळती असू शकते, रात्र काढू नका. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, किंवा अचानक श्वास लागणं: रक्ताची गुठळी. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ: झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, म्हणून काही सर्जन सहा महिने त्यासाठी गोळ्या देतात. त्या मध्येच बंद करू नका. बायपासला काही वर्षं झाल्यावरही पोटात अचानक पीळ पडून असह्य कळा आल्या तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. ते गॅस समजून ओव्याचं पाणी पीत बसण्याची गोष्ट नाही. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख, सर्जनचा नंबर आणि 'नाकातून नळी न बघता घालू नये, डायक्लोफेनॅक देऊ नये' एवढं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये.