जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पूरतयारी: या चुका टाळा

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले, आयर्विनला ५७ च्या. पंचगंगा-कृष्णाकाठच्या गावांत हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. माजी सैनिक आणि वीरनारींची जबाबदारी असलेल्या कार्यालयाच्या आराखड्यात मात्र फुटांचा आकडाच नसेल, नुसते ‘पूर आल्यास आवश्यक ती उपाययोजना करण्यात येईल’ असे वाक्य असेल, तर तो आराखडा अजून लिहायचा आहे असेच समजावे.

‘आराखडा जिल्हाधिकारी कार्यालयाचा, आपला कशाला?’

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ३२ नुसार जिल्हा पातळीवरच्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने स्वतःचा आराखडा करायचा, तो वेळोवेळी सुधारायचा आणि त्याची प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला द्यायची असते. जिल्ह्याच्या आराखड्याची पाने जोडून हे भागत नाही. त्यात बोटी, निवारा केंद्रे, धान्य असते. एकटी राहणारी पंचाहत्तरीची वीरनारी कोणत्या गल्लीत राहते, हे नसते.

दुसरी गफलत म्हणजे अख्ख्या जिल्ह्याला एकच मोजपट्टी लावणे. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेच्या पाण्याला वाट मिळत नाही, म्हणून कोल्हापुरात पाणी उतरू लागले तरी शिरोळमध्ये ते तुंबून राहते. घरटी सैनिक देणारे सैनिक टाकळी याच तालुक्यात आहे. उलट चंदगड-भुदरगडकडे घरात पाणी शिरण्यापेक्षा रस्ता तुटणे हे मोठे संकट. म्हणून तालुकावार तक्ता करा: कोणत्या ठिकाणी किती पाणी झाले की कार्यालयाचा कोणता कल्याण संघटक काय करणार.

सगळ्यांची यादी म्हणजे कुणाचीच यादी नव्हे

सर्वाधिक घोळ इथेच होतो. कार्यालयात हजारो माजी सैनिकांची नोंद असते आणि पुराच्या दिवशी ती निरुपयोगी ठरते, कारण सुरुवात कुठून करायची ते तिच्यावरून कळत नाही. तिच्यातून ‘पहिल्या फोनची यादी’ वेगळी काढा. एकटे राहणारे ७५ वर्षांवरचे, एकट्या वीरनारी आणि वीरमाता, चाकाच्या खुर्चीवर किंवा कृत्रिम पायावर असलेले, घरी ऑक्सिजन लागणारे, डायलिसिसवरचे, इन्सुलिन घेणारे, कॅथेटर असलेले.

प्रत्येक नावापुढे तीन नंबर हवेत: त्यांचा स्वतःचा, शेजाऱ्याचा आणि गावाबाहेरच्या नातेवाइकाचा. मुलाचा नंबर लिहून थांबू नका. या घरांतला मुलगा बरेचदा स्वतःच सीमेवर असतो. त्याला फोन लागत नाही, आणि लागला तरी तिथून तो आईला माडीवर चढवू शकत नाही.

आता वेळेचा हिशोब करा. एका फोनला चार मिनिटे धरली तर तासाला पंधरा फोन. यादीत ३०० नावे आणि फोनवर चार माणसे असतील, तर प्रत्येकाला ७५ फोन, म्हणजे सलग पाच तास. धोका पातळीला सुरुवात केली तर शेवटचा फोन लागेपर्यंत वाट बंद झालेली असेल. इशारा पातळीच्याही आधी, पाणी झपाट्याने चढू लागले की फोन सुरू करा. विचारायचे चारच प्रश्न: घरात कोण आहे, पाणी कुठवर आले, औषध किती दिवसांचे आहे, निघायला गाडी आहे का. तीनदा फोन करूनही उचलला नाही, तर ते नाव त्याच तासात तलाठी, पोलीस पाटील आणि गावातल्या माजी सैनिक संघटनेकडे गेले पाहिजे. ‘उद्या पुन्हा बघू’ चालणार नाही.

यादी छापील हवी. एक प्रत कार्यालयात आणि दोन प्रती पूररेषेबाहेर राहणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांकडे, बंद पाकिटात, कारण तिच्यात आजारांची नोंद आहे. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक नंबर लावून बघा.

ऑक्सिजन, डायलिसिस, इन्सुलिन

‘सिलिंडर आहे’ एवढी नोंद पुरत नाही. तो किती तास पुरेल ते लिहा. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला २ लिटर लागत असेल तर ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास. डी टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर, म्हणजे ५८ तास. पण तो इतका जड असतो की बोटीत चढवण्याचा विचारही करू नये. रेग्युलेटर, वायसर आणि पाना सिलिंडरला बांधूनच ठेवा. एका टाइपचा रेग्युलेटर दुसऱ्याला बसेलच असे नाही, आणि हे नेमके रात्री दोन वाजता कळते.

कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे विजेचे यंत्र) घरच्या इन्व्हर्टरवर चालेल या भरवशावर राहू नका. ५ लिटरचे यंत्र ३५० वॅटच्या आसपास वीज खाते. १५० एएचच्या एका बॅटरीवर ते तीन-साडेतीन तास चालले तरी खूप. वीज गेल्यावर हलवायचे ठरवले तर उशीर झालेला असतो.

डायलिसिस बहुतेकांना आठवड्यातून दोनदा-तीनदा लागते. अशा रुग्णाला रस्ता बंद होण्याच्या दोन दिवस आधीच रुग्णालयाच्या बाजूला आणून नातेवाइकांकडे किंवा सैनिक विश्रामगृहात ठेवा. त्यासाठी ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॅनलवरची कोणती रुग्णालये नदीच्या कोणत्या काठाला आहेत, हे नकाशावर आखून भिंतीला लावा. पॅनलबाहेरच्या रुग्णालयात तातडीने दाखल व्हावे लागले तर ४८ तासांत पॉलिक्लिनिकला (योजनेच्या दवाखान्याला) कळवावे लागते. स्थानिक पॉलिक्लिनिकच पाण्यात असेल तर कोणत्या पॉलिक्लिनिकला कळवायचे, हे अधिकाऱ्यांशी बोलून मे महिन्यातच ठरवा आणि तो नंबर यादीतल्या घरांना द्या. नंतर बिलासाठी हेलपाटे घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याचा किती उपयोग होतो, ते शब्दांत सांगण्यासारखे नाही.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेली बाटली बहुधा ३० अंशांच्या आत चार आठवड्यांपर्यंत चालते, नक्की मुदत खोक्यातल्या कागदावर असते. वीज गेली म्हणून ती बर्फात खुपसणे ही चूक घरोघरी होते. गोठलेले इन्सुलिन वापरायचे नाही. गार ठेवायला ओल्या मातीच्या भांड्यात दुसरे कोरडे भांडे, आणि त्यात बाटली.

भिजलेले डिस्चार्ज बुक

डिस्चार्ज बुक (सैन्यातल्या सेवेची नोंदवही), पीपीओ (पेन्शनचा आदेश), ओळखपत्र आणि ईसीएचएस कार्ड जाड प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत, अंगावरच्या पिशवीत जातील असे ठेवायला सांगा. कार्यालयातली मूळ कागदपत्रे तळमजल्यावरच्या खालच्या कप्प्यात नकोत. स्कॅन केलेली एक प्रत दुसऱ्या शहरात असू द्या. २००५ च्या कत्रिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी माजी सैनिक रुग्णालयातून हलवलेल्या रुग्णांच्या संगणकीय नोंदी ह्यूस्टनमध्ये उघडता आल्या, त्या बॅकअप शहराबाहेर पोचला म्हणूनच.

कागद भिजलेच तर उन्हात टाकू नका, चिकटलेली पाने ओढू नका. पंख्याच्या वाऱ्यात पानांमध्ये टीपकागद घालून वाळवा. ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात उरकण्यासारखे नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि पुढे थोडे थोडे वाळवा.

वसतिगृह आणि जनरेटर

जनरेटर चालू होत नाही तो बहुधा मेलेल्या बॅटरीमुळे. महिन्यातून एकदा, खऱ्या लोडवर, अर्धा तास चालवा. नुसता रिकामा फिरवला तर इंजिनात काजळी साचते. तासाला ३ लिटर डिझेल धरले तर तीन दिवसांना २१६ लिटर लागते. टाकीत किती मावते ते बघा. सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृहातून मुले घरी पाठवायचा निर्णय पाणी चढण्याआधी घ्या आणि पालकाने ‘पोचला’ असे कळवेपर्यंत नाव कापू नका.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी स्वतःच पुरात अडकले तर सही कोण करणार, याचा लेखी आदेश आधीच काढून ठेवा. व्हॉट्सअॅप गटावर विसंबू नका. साधा एसएमएस पुष्कळदा तिथेही पोचतो जिथे इंटरनेट बंद पडलेले असते.

माजी सैनिकांना फक्त मदत घेणारे समजणे

सिग्नल्समधला ऑपरेटर, इंजिनिअर्समधला बोट हाताळणारा, मेडिकल कोअरचा नर्सिंग असिस्टंट, अवजड गाडीचा ड्रायव्हर: ही माणसे जिल्ह्यात आहेत, पण नोंदीत त्यांचा ट्रेड (सैन्यातले काम) शोधता येत नाही. ट्रेड, वय आणि गाव यांची वेगळी यादी करून तहसीलदारांना द्या. आपत्तीत मदत करणारे स्वयंसेवक घडवणाऱ्या ‘आपदा मित्र’ योजनेतले बारा दिवसांचे प्रशिक्षण त्यांना मिळेल असे पाहा. लाइफ जॅकेटशिवाय आणि तहसीलदारांच्या नोंदीशिवाय कुणालाही पाण्यात उतरवू नका, तो कितीही पोहणारा असला तरी.

शिरोळच्या पूररेषेतल्या स्वयंसेवकाला शिरोळचीच जबाबदारी दिली, तर पाणी चढताना तो आधी स्वतःच्या म्हाताऱ्या आईकडे धावणार, आणि त्याने धावलेच पाहिजे. म्हणून अशा गावांसाठी हातकणंगल्याच्या उंचावरच्या गावांतली माणसे नेमा.