कस्टम ब्लॉकमध्ये व्हिडिओऐवजी नुसती लिंक दिसते?

नाशिकच्या एका क्लायंटसाठी गोदाघाटावरच्या आरतीचा यूट्यूब व्हिडिओ दाखवणारा वर्डप्रेस ब्लॉक बनवला. साइटवर व्हिडिओ झकास, एडिटरमध्ये मात्र कोरी लिंक. "अहो, इथे काहीच दिसत नाही," असा फोन आलाच.

कारण साधं आहे. लिंकचा प्लेअर होतो तो सर्व्हरवर, पान दाखवताना. एडिटर चालतो ब्राउझरमध्ये. तिथे यूज-सिलेक्ट (स्टोअरमधून माहिती वाचणारा हुक) वापरून कोअर स्टोअरचा, म्हणजे एडिटरच्या माहितीसाठ्याचा, 'गेट-एम्बेड-प्रिव्ह्यू' हा सिलेक्टर बोलवा आणि त्याला लिंक द्या. तो वर्डप्रेसच्याच ओएम्बेड प्रॉक्सीकडून (लिंक दिली की प्लेअरचा कोड आणून देणारी सोय) एचटीएमएल आणतो. ते थेट डिव्हमध्ये ओतू नका, त्यातल्या स्क्रिप्ट चालणार नाहीत. त्यासाठी सँडबॉक्स कंपोनंट आहे, तो ते वेगळ्या आयफ्रेममध्ये (पानाच्या आतलं छोटं पान) दाखवतो.

उत्तर येईपर्यंत हाती 'अनडिफाइन्ड' (म्हणजे अजून काहीच नाही) असतं, म्हणून आधी तपासा आणि तोवर स्पिनर फिरू द्या. मी हे विसरलो आणि अख्खा ब्लॉक कोसळला.

लिंक टाइप होताना प्रत्येक अक्षराला विनंती जाऊ नये म्हणून ती 'एम्बेड करा' बटण दाबल्यावरच साठवा. आणि हो, आयफ्रेम क्लिक गिळतं, म्हणून ब्लॉक निवडताच येत नाही. ब्लॉक निवडलेला नसताना आयफ्रेमवर एक पारदर्शक डिव्ह ठेवा.